हात कानाला पोचतो का?

"वच्छलाबाई फार शांत स्वभावाच्या होत्या," असं नानाजी मास्तर शोकसभेत म्हणाले आणि माझ्या मस्तकात तिडीक गेली.

शांत! वच्छलाबाईंना शांत म्हणणं म्हणजे नागपूरचा मे महिना थोडा उबदार असतो असं म्हणण्यासारखं आहे. भट्टीटोलीतली कुत्रीसुद्धा त्यांचा आवाज ऐकून रस्ता बदलायची. त्यांचे यजमान चंद्रभानजी मिलमध्ये होते, दिवसभर मागांच्या खडखडाटात उभे राहायचे. ते म्हणायचे, "मिलमध्ये जाऊन जरासा आराम भेटते मले." मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे मला कळतं. पण खोटं कशाला बोलावं? आणि तेही नानाजी मास्तरांनी बोलावं?

समाजमंदिरात सतरंजी अंथरली होती. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बाईंचा फोटो, त्याला झेंडूचा हार. नानाजी मास्तर आता निवृत्त झालेले, म्हातारे, पांढरी टोपी हातात धरून बोलत होते. "बालवाडीत लहान मुलांना दूध देणं, त्यांना खेळवणं, हे त्यांचं जीवनकार्य. कधी कोणाला वर तोंड करून बोलल्या नाहीत." मागे बसलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीला हसू आवरेना, तिने पदर तोंडाला लावला. मला हसू येत नव्हतं. ज्या माणसाने या बाईची बालवाडी बंद पाडली, तोच तिच्या फोटोपुढे उभा राहून तिला गोड करून टाकत होता. म्हणून वच्छलाबाई कशा होत्या ते मी सांगते. मी प्रेमिला, त्यांच्या बालवाडीतली पोरगी, आज एका प्राथमिक शाळेत पहिलीला शिकवते.

आमची भट्टीटोली हुडकेश्वरच्या वाटेवर होती. आज तिकडे प्लॉट पडू लागलेत, पण साठ-सत्तरच्या सुमाराला नुसत्या वीटभट्ट्या आणि भट्टीवर राबणाऱ्यांच्या झोपड्या. माझे बाबा देवराव विटा थापायचे, माय बायजा डोक्यावर वाहून न्यायची. वस्तीत टिनाच्या शेडमध्ये सरकारी ग्रांटवर एक बालवाडी निघाली होती. तिथे पावडरचं दूध आणि दलिया मिळायचा, म्हणून सगळे तिला 'पावडरची शाळा' म्हणायचे. शाळा हा शब्द नुसता लावायचा म्हणून. आयांना पावडर कळत होती, शाळा कळत नव्हती. त्या दलिया वाटायच्या वेळेला पोरांच्या हाती वाटी देऊन पाठवायच्या, की भरून घे आणि घरी ये.

मीही तशीच गेले. एका हातात वाटी, कडेवर माझा भाऊ गोविंदा. तो दीड वर्षांचा आणि मी पाचेक वर्षांची, म्हणजे माझ्यापेक्षा त्याचंच वजन जास्त वाटायचं.

बाईंनी वाटी पाहिली. त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"वाटी कोणाची?"

"मायनं देल्ली."

"अन् तू कोण?"

मला तोवर कोणी नाव विचारलंच नव्हतं. घरी मी 'पोट्टी' होते, भट्टीवर 'देवरावची'.

"हे पोट्टं खाली ठेव," बाई म्हणाल्या.

"रडते थो."

"रडू दे. तुले हात हायेत का नाई? मंग थे रिकामे कर आधी!"

त्यांनी स्वतःच गोविंदाला माझ्या कडेवरून उचललं आणि चटईवर ठेवलं. बालवाडी तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी होती, तान्ह्यांना घ्यायचा नियम नव्हता. गोविंदाने भोकाड पसरलं. बाईंनी त्याच्यापुढे दोन लाकडी ठोकळे टाकले आणि माझ्याकडे वळल्या. मला आठवतं, माझी कंबर एकदम हलकी झाली होती आणि मोकळ्या हातांचं काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

त्याच दिवशी बाई तरातरा भट्टीवर गेल्या आणि सगळ्यांदेखत मायवर बरसल्या. "बायजा, वाटी काहून धाडतं वं? वाटीले शिकवू का मी? पोरगी धाड, दोन्ही पोरं धाड!"

"लहान्याले कोण पाहीन?" माय म्हणाली.

"मी पाहीन. पण या पोरीच्या कडेवर मले पुन्हा पोरगं दिसलं तर तुह्या घरी येऊन बसीन."

हा राग कडेवरच्या पोराचा होता, आणि तो फार जुना होता. बाई उमरेडकडच्या एका खेड्यातल्या. लहानपणी त्यांचा थोरला भाऊ शाळेत गेला तेव्हा त्याही हट्टाने मागे गेल्या. खेड्यात जन्माचा दाखला कोणाकडे? मास्तर मुलाला उभं करायचे. मान सरळ ठेवायची, उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डाव्या कानाला लावायचा. हात कानाला पोचला तर सहा वर्षं पूर्ण, पोचला नाही तर पुढच्या वर्षी या. घरात आधी पुरुषांची पानं, मग मुलांची, मग उरलं तर पोरींची. असल्या घरातल्या पोरीचा हात कशाने लांबणार? वच्छलाला मास्तरांनी परत पाठवलं. पुढच्या जूनलाही परत. त्याच्या पुढच्या वर्षी हात पोचला, पण तोवर घरात नवं बाळ आलं होतं आणि ते वच्छलाच्या कडेवर बसलं होतं. शाळा तिथेच संपली. लग्न होऊन नागपूरला आल्यावर मिलच्या चाळीत बायकांचा प्रौढवर्ग निघाला, तिथे मोठेपणी पाटी घेऊन त्या शिकल्या, परीक्षा दिल्या, आणि मग ही बालवाडी मिळाली. उपाशी पोरीचा हात आखूड राहतो आणि त्या आखूड हाताची शिक्षा पुन्हा तिलाच होते, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर झेललं होतं. असल्या माणसाने शांत राहावं अशी अपेक्षा तरी कशी करायची?

बालवाडीत आम्ही काय शिकलो असं लोक विचारतात. तुच्छतेने विचारतात, "तिथे काय, खाणं आणि खेळणं." हो, खाणं आणि खेळणं. ज्यांच्या घरी दोन्ही आहे त्यांना त्याचं काय कौतुक असणार? आम्ही पोटभर खाल्लं. हात धुतले, नखं कापून घेतली, देवी टोचून घेतल्या. रांगेत बसलो, आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकलो, लाल आणि हिरवं ओळखायला शिकलो. आणि रोज सकाळी एकेकाने उभं राहून खड्या आवाजात सांगायचं: माझं नाव अमुक, बाबांचं नाव अमुक, मायचं नाव अमुक, राहणार भट्टीटोली. मायचं नाव सांगितलं नाही तर बाई पुन्हा उभं करायच्या. "काहून, तू का आभायातून पडला? मायचं नाव घे!" पहिल्यांदा मी सगळ्यांपुढे 'मायचं नाव बायजा' असं म्हटलं तेव्हा माझेच कान तापले. मायला घरी येऊन सांगितलं तर तिने मला ते पुन्हा म्हणायला लावलं.

पण जून आला की गाडी पुन्हा त्याच कानापाशी अडायची. वस्तीजवळच्या शाळेचे हेडमास्तर होते हेच नानाजी. मी गेले त्या पहिल्या जूनमध्ये बालवाडीतली मोठी मुलं पहिलीत नाव घालायला गेली आणि बरीचशी परत आली. हात पोचले नव्हते.

वस्तीने त्यावर आपल्या परीने विचार केला. हात आखूड आहेत तर ते लांबवले पाहिजेत. मग काय, भट्टीमागच्या कडुनिंबाच्या फांदीला पोरं लटकायला लागली. सकाळी एखादी माय आपल्या पोराला उचलून फांदी धरायला लावायची आणि खालून पाय ओढायची. कोणी हातांना तेल चोळून ओढायचं. मीही लटकले आहे. खांदे असे दुखायचे की रात्री कुशीवर वळता यायचं नाही. वस्तीतल्या कोणालाही यात काही चुकीचं वाटत नव्हतं. मास्तरला लांब हात पाहिजे ना, मग घे लांब हात.

बाईंनी हे पाहिलं त्या दिवशी भट्टीवरचं काम थांबलं. त्यांनी एकेक पोर फांदीवरून उतरवलं आणि आयांना रांगेने उभं केलं.

"पोराईले कपड्यासारखं वाळत घालून राहिल्या काय वं? हात का रबराचा हाये? पोटात गेलं तर हात वाढते! दूध घरी नेऊन चहात टाकता, अन् इथं पोराचे पाय ओढता!"

एक बाई पुटपुटली, "मास्तरले कोण सांगीन?"

"मास्तरले मी सांगीन."

त्या दिवसापासून बाई दलिया आपल्या डोळ्यांसमोर संपवायला लावू लागल्या. वाटी घरी न्यायला बंदी. वर्षभरात काही मुलांच्या अंगावर मूठभर मांस आलं, हातही वाढले. पुढच्या जूनला त्यातले काही कानाला पोचले. माझा पोचला नाही. एका वर्षाच्या दुधाने आधीची सगळी उपासमार थोडीच भरून निघते?

तो सत्तरचा जून मी विसरणार नाही. शाळेच्या ओसरीत आमची रांग. माझ्यासोबत बाबा आणि बाई. माझ्यापुढे कोणा साहेबाचा मुलगा, इस्त्रीची चड्डी, पायात बूट. त्याच्या वडिलांनी सांगितलं, "सहा पूर्ण," आणि नानाजींनी नाव लिहून घेतलं. मग माझी पाळी. "हात लाव."

मी मान सरळ ठेवून हात डोक्यावरून नेला. बोटं केसांपाशीच थांबली. मी खांदा उचलला, टाचा वर केल्या. टाचा वर करून काय होणार होतं कोण जाणे.

"नाही पोचत. पुढच्या वर्षी आणा," नानाजी म्हणाले.

बाई पुढे झाल्या. "मास्तर, त्या पोराचा हात नाई पाह्यला तुम्ही."

"त्याच्या वडिलांनी वय सांगितलं ना."

"हिचा बाप बी सांगून राहिला, सहा झाले म्हणून. याचं तोंड तोंड नाई काय?"

बाबा खाली मान घालून उभे होते. नानाजी समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, एका वर्षानं काय बिघडते?"

"पुढच्या वर्षी हे पोरगी भट्टीवर राहीन! विचारा तिच्या बापाले."

बाबांनी मान हलवली. ते खरंच होतं. दिवाळीनंतर भट्टी पेटली की मला कच्च्या विटा उलटायला लावायचं ठरलं होतं. मालक लहान हात मागायचाच, ओली वीट लहान हातांनी मोडत नाही म्हणून. भट्टीला आखूड हात चालत होता. शाळेला चालत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रभानजींच्या सायकलच्या कॅरिअरला दलियाचा गंज बांधलेला होता, म्हणजे ते मोठं पातेलं. मागे बाई, आणि त्यांच्यामागे चटया डोक्यावर घेतलेलं अख्खं बालवाडीचं वऱ्हाड. ते शाळेच्या ओसरीत जाऊन बसलं. नानाजी बाहेर आले.

"हे काय लावलं?"

"बालवाडी. तुम्ही पोरं आत घेत नाई, तर आम्ही बाहेर बसतो. चला रे, नावं सांगा."

आम्ही नावं सांगितली. कशी! गळ्याच्या शिरा ताणून, एकेक जण, मायच्या नावासकट. आत वर्ग चालेना. पाढे म्हणणारी मुलं पाढे विसरली. दलियाचं झाकण उघडलं तेव्हा आणखी एक गोष्ट झाली, जी बाईंनीसुद्धा मनात आणली नव्हती. शाळेतल्या पहिलीची मुलं पाटी खाली ठेवून एकेक करून बाहेर आली आणि आमच्या रांगेत बसली. तीही उपाशीच आलेली होती.

"उठा!" नानाजी ओरडले. एकही उठलं नाही.

"जेवू द्या त्याईले," बाई म्हणाल्या. "मंग मले हाकला."

त्यांनी सगळ्यांना वाढलं. आमच्या वाट्याचं कमी झालं, पण कोणी कुरकूर केली नाही. असं आठवडाभर चाललं. शेवटी नानाजी टेकीला आले. "सगळ्यांची नावं घेतो, पण हा तमाशा उचला इथून." माझं नाव पहिलीत लागलं. प्रेमिला देवराव. मायचं नाव मी सांगितलं, ते त्यांनी लिहिलं नाही.

मग नानाजींनी वर तक्रार केली. बाईंवर ठपका काय आला ते ऐका. सरकारी धान्य ठरलेल्या जागेबाहेर नेलं आणि यादीत नसलेल्या मुलांना वाटलं. खरंच होतं. उपाशी पोरांना जेवू घातलं होतं. त्यासाठी बाईंना काढलं, आणि त्यांच्या जागी दुसरं कोणी नेमलं नाही. शेडला कुलूप लागलं. पुढे एका ठेकेदाराने तिथे सिमेंटची पोती रचली. ज्या जागेत आम्ही लाल-हिरवं शिकलो तिथे पोती, आणि पोरं पुन्हा भट्टीच्या धुरात! आज इतक्या वर्षांनीही हे लिहिताना मला दुःख होत नाही, संताप येतो.

मी शिकले. पहिलीच्या वर्गशिक्षिकेने पहिल्या दिवशी नाव विचारलं तेव्हा मी उभी राहून सगळं सांगितलं. 'मले' म्हटलं म्हणून मुलं हसली, पण मला हसण्याची भीती नव्हती, मी वर्षभर रोज सगळ्यांपुढे बोलत आले होते. गोविंदाच्या नशिबी ते आलं नाही. तो तीन वर्षांचा झाला तेव्हा शेडमध्ये सिमेंट होतं. तो भट्टीवर मातीत वाढला. सहाव्या वर्षी त्याचा हात पोचला नाही. बाई तेव्हा शिवणकाम करायच्या. त्या शिलाई टाकून शाळेत धावल्या, पण फाटकातच त्यांना सांगण्यात आलं, "तुम्ही आता कोणी नाही." पुढच्या वर्षी गोविंदाचं नाव लागलं. तान्हा असताना तो बालवाडीच्या चटईवर नुसता खेळला होता, कधी रांगेत बसला नव्हता, घोळक्यात बोलला नव्हता. नाव विचारलं की रडायचा. त्याला मागे बसवलं, ढ म्हटलं, आणि दिवाळीनंतर भट्टी पेटली तेव्हा तो स्वतःच तिकडे गेला, तो अजून तिथेच आहे. आम्ही एका झोपडीतली, एका मायची पोरं. मी काही त्याच्याहून हुशार नव्हते. आमच्या दोघांत फरक एवढाच की माझ्या पाळीला बालवाडी उघडी होती.

वस्तीत पुन्हा अंगणवाडी यायला कितीतरी वर्षं लागली. बाई प्रत्येक वर्षी जूनमध्ये शाळेच्या फाटकाशी जाऊन भांडायच्या. कोणी ऐकत नसे, तरी भांडायच्या. ज्या आठवड्यात त्या वारल्या त्यातसुद्धा मला म्हणाल्या, "शाळेत कोण्या पोराचा कान पाहू नोको."

शोकसभेत नानाजींनंतर मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभी राहिले आणि म्हटलं, "वच्छलाबाई शांत नव्हत्या. शांत असत्या तर मी इथे उभी नसते." आणि मग वर लिहिलंय ते सगळं सांगितलं, नानाजींकडे बघत सांगितलं. नानाजी टोपी हातात फिरवत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "तेव्हा नियमच तसा होता." ओसरीत उभं करून लहान पोरांना परत पाठवायला नियम, आणि आता फोटोला हार घालायला पुढे! मी बसले.

गोविंदा सभेत आत आला नव्हता. अंगावर भट्टीची धूळ, म्हणून दाराबाहेरच बसून ऐकत होता. आम्ही दोघं घराकडे चालायला लागलो. बरंच चालून झाल्यावर तो म्हणाला, "ताई, एक सांग. मी ढ होतो काय वं?"

"नाही रे," मी म्हटलं. "तुझ्या पाळीला बालवाडीला कुलूप होतं."

"मले वाटे का मीच ढ होतो."

तो थांबला. रस्त्याच्या मधोमध मान सरळ करून उभा राहिला, विटांनी सोललेला उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेला आणि डाव्या कानाची पाळी धरली.

"पाह्य," तो म्हणाला, "आता पोचते."